जाड्या पोराच्या मानानं

मी आजवर चारचौघांत शर्ट काढलेला नाही. व्रत वगैरे काही नाही. लहानपणी आजोळी, कोकणात, सगळी भावंडं उघडी होऊन विहिरीत धपाधप उड्या मारायची तेव्हा मी बनियन घालून पायऱ्यांवरून उतरायचो. पाण्यात गेलं की बनियनमध्ये हवा शिरायची, पाठीवर फुगा यायचा, आणि वरून कोणीतरी हमखास ओरडायचं, "म्हैस उतरली रे!" त्यात कोणाच्या मनात वाईट नसायचं. हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

आमच्याकडे जाड मुलाबद्दल थेट कोणी बोलत नाही. 'तब्येत' म्हणतात. तब्येत सुधारली, तब्येत सुटली, तब्येतीनं बरा आहे. प्रकृती आणि वजन या दोन्हींना मराठीनं एकच शब्द का ठेवला असेल, कोण जाणे. मला ताप आला तरी आजी म्हणायची, "तब्येतीनं एवढा धडधाकट, याला काय होतंय!"

हे सगळं आठवायचं कारण इंग्लंडचा क्रिकेटपटू अँड्र्यू फ्लिंटॉफ.

3 फेब्रुवारी 2002. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि गिरगावातल्या मामानं कुठून तरी वानखेडेची दोन तिकिटं पैदा केली होती. भारत-इंग्लंड मालिकेतला सहावा आणि शेवटचा एकदिवसीय सामना, दिवस-रात्र. आपण मालिकेत 3-2 असे पुढे. इंग्लंडनं 255 केल्या होत्या, ट्रेस्कॉथिकच्या 95. गांगुलीनं 80 केल्या तोवर सामना खिशात असल्यासारखं वातावरण होतं, मग एकेक करून गळती लागली. शेवटच्या षटकात 11 हव्या होत्या आणि चेंडू फ्लिंटॉफच्या हातात होता. कुंबळे धावबाद झाला. पुढच्याच चेंडूवर श्रीनाथचा त्रिफळा उडाला. 5 धावांनी सामना गेला, मालिका 3-3. आणि तो सहा फूट चार इंचांचा माणूस अंगातला निळा शर्ट काढून, तो हातात गरगरा फिरवत वानखेडेच्या गवतावर धावत सुटला.

एवढं मोठं मैदान इतकं गप्प झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मामा म्हणाला, "नागवा नाचतोय बघ मेला." मागच्या बाकावरून शिव्या सुरू झाल्या. मी मात्र त्याच्या उघड्या अंगाकडे बघत होतो. एवढ्या लांबून दिसणार काय? दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला तो नीट पाहिला. मोठं, पांढरंफेक, घामानं चमकणारं अंग. जाहिरातीतल्या पुरुषांसारखं कोरीव नव्हे. आपल्या शेजाऱ्याचं असावं तसं. हरल्याचं दुःख होतंच, पण त्याच्याखाली हेवा होता. जिंकलो असतो तरी मी शर्ट काढला नसता.

घरी चालत येताना मामानं नेहमीची तबकडी लावली. "बोथम असता तर सामना असा शेवटच्या षटकापर्यंत आणलाच नसता."

मामाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा कसोटी सामना म्हणजे फेब्रुवारी 1980 चा वानखेडेवरचा सुवर्णमहोत्सवी सामना. भारतीय क्रिकेट मंडळाला 50 वर्षं झाली म्हणून इंग्लंडला एका कसोटीसाठी बोलावलं होतं. त्यात 16 तारखेला सूर्यग्रहण आलं, म्हणून विश्रांतीचा दिवसच त्या तारखेला ठेवला. मामा सांगतो, त्या दिवशी आजीनं कोणाला गॅलरीतसुद्धा येऊ दिलं नाही आणि खाली रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. बाकीचे दिवस ग्रहण आपल्याला लागलं. इयान बोथमनं पहिल्या डावात 58 धावांत 6 आणि दुसऱ्या डावात 48 धावांत 7 बळी घेतले, मधे 114 धावा केल्या. एकाच सामन्यात शतक आणि दहा बळी, असं पुरुषांच्या कसोटीत त्याआधी कोणीच केलं नव्हतं. त्या डावात इंग्लंड 5 बाद 58 होतं. यष्टिरक्षक बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिलं तेव्हा आपला कप्तान विश्वनाथनं, चेंडू बॅटला लागलाच नव्हता म्हणून, त्याला परत बोलावलं. मग टेलर आणि बोथमनं 171 ची भागी केली आणि सामना गेला. मामाला विश्वनाथचा अभिमान वाटतो आणि त्याच श्वासात तो चडफडतोही. "मोठेपणा करायला दुसरा दिवस नव्हता का?" हे वाक्य मी किमान दोनशे वेळा ऐकलंय.

तर मामाच्या लेखी अष्टपैलू म्हणजे बोथम, बाकी सगळे उमेदवार. यात मामा एकटा नव्हता. बोथम गेल्यापासून इंग्लंडनं जो कोणी जरा जोरात चेंडू टाकील आणि जरा जोरात बॅट फिरवील त्याच्या गळ्यात 'दुसरा बोथम' अशी पाटी अडकवली. बरेचजण त्या पाटीच्या वजनानंच खाली बसले. फ्लिंटॉफच्या गळ्यात ती विशीतच पडली.

उत्तर इंग्लंडमधल्या प्रेस्टनचा हा पोरगा, जन्म 1977 चा, लँकशायरकडून खेळणारा. टोपणनाव फ्रेडी, कार्टूनमधल्या फ्रेड फ्लिंटस्टोनवरून. 1998 मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटीत आला आणि दुसऱ्याच कसोटीत, हेडिंग्लेवर, दोन्ही डावांत शून्यावर गेला. मग वजन वाढलं. तिथली वर्तमानपत्रं खेळाडूच्या धावा छापतात तसं त्याचं वजन छापायला लागली. 2000 च्या उन्हाळ्यात झिंबाब्वेविरुद्ध ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे स्वतःच्याच मैदानावर, त्यानं नाबाद 42 धावा ठोकून सामनावीराचा मान घेतला आणि बक्षीस घेताना म्हणाला, जाड्या पोराच्या मानानं बरं खेळलो की.

लोक हसले. किती दिलखुलास माणूस आहे, म्हणाले.

हा विनोद मला आतून-बाहेरून ठाऊक आहे. वर्गात कोणी काही म्हणायच्या आधी आपणच म्हणून टाकायचं, म्हणजे त्यांच्या हातातला दगड आपणच फेकला असं होतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी तीन वर्षं ओळीनं घटोत्कच झालो होतो, आणि तिन्ही वर्षी भूमिका मी स्वतःहून मागून घेतली होती.

2001 च्या अखेरीस भारताच्या दौऱ्यावर आला तेव्हा कसोटींमधे त्याची बॅट अक्षरशः चालली नाही. पाच डावांत 26 धावा. पण कप्तान नासिर हुसेननं त्याला गोलंदाज म्हणून राबवलं आणि बंगळुरूत त्यानं 50 धावांत 4 बळी घेतले. आपल्या खेळपट्टीवर आखूड टप्प्याचा चेंडू बरगडीपर्यंत चढवणारा जलदगती गोलंदाज त्या काळी कौतुकाचाच होता. आपले खेळाडू त्याच्या चेंडूला 'हेवी' म्हणायचे. म्हणजे वेग पाटीवर दिसतो त्याहून बॅटवर जास्त जाणवतो, हँडलपर्यंत झिणझिण्या येतात. त्याच दौऱ्याच्या शेवटी वानखेडेवरचा तो शर्ट.

त्याचं उत्तर गांगुलीनं पाच महिन्यांनी, 13 जुलै 2002 ला, लॉर्ड्सच्या गॅलरीत दिलं. 326 चा पाठलाग, युवराजच्या 69, कैफच्या नाबाद 87, आणि शेवटचं षटक पुन्हा फ्लिंटॉफच्याच हाती. शेवटची धाव झाली तेव्हा तो खेळपट्टीवरच बसकण मारून होता आणि वर गांगुली शर्ट फिरवत होता. तो फोटो घराघरांत लागला, त्यावर लेख आले, भारतीय क्रिकेटचं मन बदललं वगैरे. ते खरंही असेल. पण माझ्या मनात त्या जोडीतला पहिला फोटोच राहिला.

का राहिला ते मला 2020 मध्ये कळलं.

लॉकडाऊनचे दिवस. घरात बसून माझीही 'तब्येत' भलतीच सुधारली होती. अशात बीबीसीचा एक माहितीपट पाहिला. त्यात फ्लिंटॉफ कॅमेऱ्यासमोर बसून सांगत होता, की त्याला बुलिमिया आहे. म्हणजे खायचं आणि मग घशात बोटं घालून सगळं काढून टाकायचं, पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं. सुरुवात झाली ती वर्तमानपत्रं त्याला जाड्या म्हणायला लागली त्या दिवसांत. वजन उतरलं, लोक वाहवा करायला लागले, आणि ज्या युक्तीनं उतरलं ती सुटेना. कारकीर्द चढत होती त्या वर्षांतही ते चालू होतं. कधी उपचार घेतले नाहीत. पुरुष, त्यातून लँकशायरचा, त्यातून वेगवान गोलंदाज. असल्या माणसाला हा आजार होतो असं त्याच्या आसपास कोणाला वाटतच नव्हतं. त्याला स्वतःलाही नाही.

मी माहितीपट थांबवला आणि तारखांचा हिशेब करत बसलो. 2000 च्या उन्हाळ्यातला तो विनोद. 2002 च्या फेब्रुवारीतलं वानखेडे. ज्या अंगाचा मी हेवा केला ते अंग त्या रात्री त्याला स्वतःला आवडत नव्हतं. मग त्यानं शर्ट काढलाच कसा? याचं उत्तर त्या माहितीपटात नाही. माझा एक तर्क आहे. तो बिनबुडाचा असेल, पण सांगतो. शेवटच्या षटकात 11 धावा वाचवताना माणसाला अंगच नसतं. हात असतो, चेंडू असतो, समोर तीन काठ्या असतात. अंग नंतर परत येतं, पेपरात फोटो छापून आला की.

अंग विसरून खेळतानाचा फ्लिंटॉफ कसा असतो ते बघायचं तर 2005 चा ऑगस्ट.

आमचं घर तेव्हा कल्याणला, तळमजल्यावर. 26 जुलैच्या पुरात पाणी कमरेपर्यंत चढलं होतं. पाणी ओसरल्यावर भिंतीवर गाळाची सरळ रेघ राहिली, जणू कोणी पट्टी लावून मारली होती. गाद्या गेल्या, बाबांचे विम्याचे कागद गेले, टीव्ही गेला. दहा-बारा दिवस झाले तरी घरात ओल्या पोत्याचा वास होता. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आमचं वाचलेलं सामान त्यांच्या बाहेरच्या खोलीत ठेवून घेतलं होतं. 6 ऑगस्टच्या शनिवारी त्या सामानातल्याच एका पत्र्याच्या ट्रंकेवर बसून मी त्यांच्या टीव्हीवर एजबॅस्टनची कसोटी लावली. काकूंना क्रिकेट आवडत नव्हतं, पण पूरग्रस्ताला नाही कोण म्हणणार?

ऑस्ट्रेलियाला जिंकायला 282 हव्या होत्या. बिनबाद 47 झाल्या. मग फ्लिंटॉफ आला. आदल्या डावाच्या शेवटच्या दोन चेंडूंवर त्यानं दोघांना पायचीत केलेलं, म्हणजे पहिलाच चेंडू हॅट्‌ट्रिकचा. तो लँगरनं खेळून काढला. दुसऱ्यावर लँगर त्रिफळाचीत. आणि आला रिकी पाँटिंग. पुढचे काही चेंडू मी आयुष्यात विसरणार नाही. एक झपकन आत आला, पॅडवर आदळला, सगळे ओरडले. एक कड घेऊन गेला, पण खाली पडला. एक बाहेर निघाला. जगातला सर्वोत्तम फलंदाज नवशिक्यासारखा चाचपडत होता. षटकात एक नो-बॉल पडला आणि त्या जादा चेंडूवर, आत येईल असं वाटता वाटता शेवटच्या क्षणी बाहेर गेलेल्या चेंडूवर, पाँटिंगची कड यष्टिरक्षकाच्या हातात. शून्य. काकू भाजी निवडत होत्या, त्यांनी विचारलं, "आपले जिंकले का रे?" मी म्हटलं, "आपले खेळतच नाहीयेत." "मग ओरडतोस कशाला?"

सामन्यात त्याच्या 68 आणि 73 धावा, 9 षटकार, 7 बळी. दुसऱ्या डावात फलंदाजी करताना डावा खांदा दुखावला होता, ते वेगळंच.

रविवारी दुपारी तीनला खेळ सुरू झाला तेव्हा ऑस्ट्रेलिया 8 बाद 175. दोन बळी राहिलेत म्हणून मी जेवण उरकून निवांत वर गेलो. वॉर्न आणि ब्रेट ली ऐकेनात. 42 वर वॉर्नचा पाय फ्लिंटॉफच्याच चेंडूवर स्वतःच्या यष्टीला लागला. मग ली आणि कॅस्प्रोविच. अंगावर चेंडू खात, फटके मारत शेवटच्या जोडीनं 59 काढल्या. तीन हव्या असताना इंग्लंडच्या हार्मिसनचा चेंडू कॅस्प्रोविचच्या ग्लव्हला लागून यष्टिरक्षक जोन्सच्या हातात गेला. इंग्लंड 2 धावांनी जिंकलं. नंतर संथ गतीत दिसलं, की चेंडू लागला तेव्हा तो हात बॅटवर नव्हताच, म्हणजे नियमानुसार तो बादच नव्हता. विश्वनाथ असता तर काय केलं असतं, असा प्रश्न मी मामाला फोनवर विचारला. मामानं फोन ठेवला.

सगळे इंग्रज एकमेकांच्या अंगावर चढत असताना ली पलीकडे उकिडवा बसला होता, मान खाली. फ्लिंटॉफ वळला, त्याच्यासमोर जाऊन वाकला, एक हात त्याच्या हातात दिला, दुसरा खांद्यावर ठेवला. तो फोटो तुम्ही पाहिलेला असेल. खिलाडूपणाचं उदाहरण म्हणून तो आता इतका वापरून झालाय, की गुळगुळीत झालाय. मला त्यात अजूनही त्या मोठ्या माणसाचं खाली वाकणं दिसतं. आम्ही जाड माणसं वाकताना आधी विचार करतो. तो विचार न करता वाकलाय.

त्या मालिकेत त्यानं 402 धावा केल्या, 24 बळी घेतले, इंग्लंडनं 18 वर्षांनी ॲशेस, म्हणजे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटी मालिकेचा मान, परत आणली. दुसऱ्या दिवशी लंडनच्या ट्रॅफल्गर चौकातल्या मिरवणुकीत तो रात्रभराच्या दारूनं तारवटलेल्या डोळ्यांवर काळा गॉगल चढवून झुलत होता आणि देश त्याच्यावर फिदा होता. हीच दारू दीड वर्षानंतर देशाला चालली नाही, पण ते पुढे.

मार्च 2006 मध्ये तो पुन्हा वानखेडेवर आला, आता कप्तान म्हणून. नेहमीचा कप्तान वॉन, त्याचा गुडघा गेलेला, ट्रेस्कॉथिक दौरा सोडून घरी परतलेला. त्याच दौऱ्यात तिकडे फ्लिंटॉफला मुलगा झाला, पण तो गेला नाही, संघाबरोबर राहिला. द्रविडची ती शंभरावी कसोटी. त्यानं नाणेफेक जिंकून इंग्लंडला फलंदाजी दिली आणि इंग्लंडनं 400 काढल्या. रविवारी मी होतो मैदानात. सचिन 1 धाव करून बाद झाला आणि परतताना वानखेडेनं त्याची हुर्यो उडवली. सचिनची, वानखेडेवर. माझ्या पुढच्या रांगेतला पांढऱ्या शर्टातला, ऑफिसात साहेब वाटावा असा माणूस दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडत होता. मी गप्प बसलो. गप्प बसल्याचं अजून वाईट वाटतं.

बुधवारी, पाचव्या दिवशी, उपाहारापर्यंत आपण 3 बाद 75. सामना अनिर्णित राहणार हे आमच्या ऑफिसातल्या शिपायापासून सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. उपाहाराच्या वेळी इंग्लंडच्या ड्रेसिंग रूममधे जॉनी कॅशचं एक जुनं गाणं मोठ्यानं लावलं होतं आणि सगळा संघ ते गात होता. परत आल्यावर फ्लिंटॉफनं द्रविडला उडवलं. मग शॉन उडाल, 37 वर्षांचा ऑफस्पिनर, 14 धावांत 4 बळी. धोनीचा उंच झेल पनेसरनं सोडला, आणि धोनीनं लगेच तोच फटका पुन्हा मारला तेव्हा त्याच पनेसरनं घेतला. 25 धावांत 7 बळी. आपण 100 सर्वबाद. जवळपास 21 वर्षांनी इंग्लंड भारतात कसोटी जिंकलं. दोन्ही डावांत 50-50 करणारा कप्तान सामनावीर आणि मालिकावीर. या वेळी त्यानं शर्ट काढला नाही.

कप्तानपद त्याला मानवलं असं म्हणवत नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात 5-0. त्या मालिकेचा पहिलाच चेंडू, ब्रिस्बेनला, हार्मिसननं इतका बाहेर टाकला, की तो थेट दुसऱ्या स्लिपमधे उभ्या कप्तानाच्या हातात गेला. पुढचे दीड महिने काय होणार ते त्या एका चेंडूत होतं. मग 2007 च्या विश्वचषकात सेंट लुशियाला न्यूझीलंडकडून हरल्यावर रात्री दारू पिऊन हा समुद्रात पायडल-बोट घेऊन निघाला. उपकप्तानपद गेलं, एक सामना घरी बसवलं. त्याच सप्टेंबरमधे दरबानला यानं युवराजला काहीतरी सुनावलं आणि त्याचा हिशेब पुढच्या षटकात बिचाऱ्या ब्रॉडला सहा षटकारांनी चुकता करावा लागला. त्याबद्दल आपण याचे आभारच मानले पाहिजेत.

डावा घोटा हा या सगळ्याच्या खाली चालू असलेला दुसरा आकडा. उजव्या हातानं टाकणाऱ्या वेगवान गोलंदाजाचा डावा पाय शेवटच्या झेपेत जमिनीवर आपटतो आणि त्याच्या वजनाच्या कितीतरी पट भार तिथे येतो. पाय थांबतो, अंग पुढे जातं, त्या थांबण्यातून वेग येतो. म्हणजे ज्या अवाढव्य अंगामुळे त्याचा चेंडू 'हेवी' होता, त्याच अंगाचं ओझं घोटा प्रत्येक चेंडूला उचलत होता. चार शस्त्रक्रिया झाल्या. मग गुडघाही बोलू लागला. 2009 च्या आयपीएलमधे चेन्नईनं साडेपंधरा लाख डॉलरना घेतला आणि तो तीन सामने खेळून शस्त्रक्रियेला परत गेला.

त्याच्या आधीचं एक सांगायला हवं. 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईवर हल्ला झाला तेव्हा इंग्लंडचा संघ भारतातच होता, एकदिवसीय मालिका अर्धवट सोडून घरी गेला. परत यायचं की नाही यावर फ्लिंटॉफ फार साशंक होता आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आम्ही स्वतः महिनाभर लोकल ट्रेनमधे बेवारस पिशवी दिसली की डबा बदलत होतो. तरी संघ आला. मुंबईला होणारी कसोटी मोहालीला हलवली होती. चेन्नईला सचिननं चौथ्या डावात नाबाद 103 करून 387 चा पाठलाग पुरा केला आणि ते शतक मुंबईला दिलं. समोर फ्लिंटॉफ धावत येऊन टाकत होता. ते आले म्हणून ते शतक झालं, हे आपण फारसं बोलत नाही.

शेवट 2009 च्या ॲशेसमधे. लॉर्ड्सच्या कसोटीआधी निवृत्ती जाहीर केली आणि दुसऱ्या डावात 5 बळी घेतले. ऑस्ट्रेलियाला लॉर्ड्सवर इंग्लंडनं हरवलं ते 1934 नंतर पहिल्यांदा. पाचवा बळी घेतल्यावर एक गुडघा टेकून, दोन्ही हात पसरून तो नुसता थांबून राहिला. ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत ना बॅट चालली ना चेंडू, पण 66 वर खेळणाऱ्या पाँटिंगला त्यानं मिड-ऑनवरून थेट फेकीनं धावबाद केलं आणि पुन्हा हात पसरून उभा राहिला. पळताच येत नसेल तर उभं राहून करता येईल ते त्यानं केलं.

मामानं लगेच आकडे काढले. बोथम: 102 कसोटी, 5200 धावा, 383 बळी, 14 शतकं, डावात पाच बळी 27 वेळा. फ्लिंटॉफ: 79 कसोटी, 3845 धावा, 226 बळी, शतकं 5, आणि डावात पाच बळी फक्त तीनदा. फलंदाजीची सरासरी 31.77, गोलंदाजीची 32.78. अष्टपैलूची पहिली सरासरी दुसरीहून मोठी असावी, हा मामाचा लाडका नियम. इथे ती एका धावेनं कमी पडते. "झालं?" मामा म्हणाला. झालं. कागदावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच, की बोथमचे आकडे मला मामानं शिकवले आणि फ्लिंटॉफचे मला आजही बघून लिहावे लागतात, पण त्यानं टाकलेलं ते पाँटिंगचं षटक मी चेंडू-चेंडूनं सांगू शकतो.

पुढे त्यानं काय काय केलं! 2012 मध्ये मँचेस्टरला व्यावसायिक मुष्टियुद्धाची एक लढत खेळला, खाली पडला, उठला, गुणांवर जिंकला. 2014 मध्ये लँकशायरकडून टी-ट्वेंटीत परत आला आणि अंतिम सामन्यात आपल्या पहिल्याच चेंडूवर इयान बेलला बाद केलं. मग टीव्हीवर गाड्यांचा कार्यक्रम. 13 डिसेंबर 2022 ला त्याच चित्रीकरणात तीन चाकांची उघडी गाडी उलटली आणि तिच्याखाली तो तोंडावर फरपटत गेला.

तो क्षण त्यानं नंतर सांगितला आहे. फलंदाजाला चेंडू ओळखायला सेकंदाच्या चार-दशांश भागाइतका वेळ मिळतो. गाडी कलंडली तेव्हा त्याचं डोकं तेवढ्याच वेळात हिशेब करत होतं: डोक्याची बाजू आपटली तर मेलो, मान मोडली तरी मेलो, तोंडावर पडलो तर कदाचित वाचेन. आणि तो तोंडावर पडला. वाचला. चेहरा फाटला. पुढे कित्येक महिने घराबाहेर पडला नाही.

सप्टेंबर 2023 मध्ये कार्डिफला इंग्लंडच्या संघाबरोबर तो पहिल्यांदा मैदानावर दिसला. टोपी घातलेली, नाकावर पट्टी, ओठापाशी व्रण. खेळाडूंना झेल देत होता. मोबाइलवर ती चित्रफीत बघताना मी अंगठा टेकवून चित्र थांबवलं, दोन बोटांनी मोठं केलं, व्रण कुठून कुठवर गेलाय ते पाहिलं. मग माझं मलाच लक्षात आलं की मी काय करतोय. वीस वर्षांपूर्वी पेपरातला तो फोटो मी असाच डोळ्यांजवळ धरून पाहिला होता.

आता तो प्रशिक्षक आहे. प्रेस्टनच्या गरीब वस्तीतल्या, कधी बॅट न धरलेल्या पोरांचा संघ त्यानं बांधला, अपघातानंतर त्यांना घेऊन भारतातही येऊन गेला. इंग्लंडच्या दुय्यम संघाला, लायन्सना, शिकवतो. आणि जानेवारी 2025 मध्ये त्याच लायन्सकडून ब्रिस्बेनला त्याच्याच मुलानं, सोळा वर्षांच्या रॉकीनं, शतक ठोकलं.

मी मामाला फोन लावला. मामा आता ऐंशीच्या पुढे आहे, एका कानानं ऐकतो, गिरगाव सोडून बदलापूरला राहतो आणि तिथे कोणी क्रिकेटवर बोलत नाही अशी त्याची तक्रार असते. मी ओरडून सांगितलं, फ्लिंटॉफच्या पोरानं शतक काढलं, सोळाव्या वर्षी. बराच वेळ काही आलं नाही. फोन कट झाला असं वाटलं. मग मामा म्हणाला, "सोळा म्हणजे लहान आहे रे अजून. तब्येतीनं कसा आहे?"